अर्धवाहकाचा बँडगॅप, फोनॉन आणि चार नॅनोमीटरांचा हिशेब

काचमणी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी गॅलियम आर्सेनाइडच्या वेफरचा फोटोल्युमिनेसन्स मोजत होती. हिरव्या लेझरचा झोत वेफरवर टाकायचा आणि त्याने वर चढलेले इलेक्ट्रॉन पुन्हा खाली उतरताना जो अवरक्त प्रकाश बाहेर टाकतात, त्याचा वर्णपट नोंदवायचा, एवढाच तो प्रयोग. खोलीच्या तापमानाला शिखर ८७१ नॅनोमीटरवर आले. म्हणजे १.४२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (इ.व्हो.), अगदी पुस्तकात छापलेल्या बँडगॅपप्रमाणे. बँडगॅप म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेला संयुजा पट्टा आणि त्याच्या वरचा जवळपास रिकामा संवहन पट्टा यांमधली ऊर्जेची दरी. मग क्रायोस्टॅटमध्ये (नमुना अतिथंड ठेवण्याच्या उपकरणात) द्रव नायट्रोजन ओतला, अर्धा तास वाट पाहिली आणि पुन्हा मोजले, तर शिखर ८२६ वर. ती काळजीने म्हणाली, "सर, स्पेक्ट्रोमीटरचे ग्रेटिंग हलले असावे. बँडगॅप तर १.४२ च असतो ना?"

दोष तिचा नाही. सिलिकॉन १.१२, गॅलियम आर्सेनाइड १.४२, हिरा ५.४७ हे आकडे आम्ही फळ्यावर असे लिहितो, की जणू ते त्या पदार्थांचे जन्मजात गोत्रच आहे. प्रत्यक्षात हे आकडे थरथरणाऱ्या स्फटिकावर घेतलेली सरासरी आहेत, आणि थरथर कमी-जास्त झाली की तेही सरकतात. सिलिकॉनचा बँडगॅप केवल शून्याजवळ १.१७ इ.व्हो. असतो आणि ३०० केल्विनला १.१२ होतो. गॅलियम आर्सेनाइडचा १.५१९ वरून १.४२ वर येतो. मूळचे भारतीय आणि कॅनडातील ओटावा विद्यापीठात काम केलेले य. पा. वार्ष्णी यांनी १९६७ मध्ये यासाठी एक साधे सूत्र सुचवले, ते आजही प्रत्येक प्रयोगशाळेत वापरले जाते. शून्य तापमानाच्या बँडगॅपमधून एक वजाबाकी करायची. तापमानाच्या वर्गाला एका स्थिरांकाने गुणायचे आणि तापमान अधिक दुसरा स्थिरांक यांच्या बेरजेने भागायचे, ही ती वजाबाकी. गॅलियम आर्सेनाइडसाठी पहिला स्थिरांक ०.०००५४०५ इ.व्हो. प्रति केल्विन आणि दुसरा २०४ केल्विन धरतात. सिलिकॉनसाठी ते ०.०००४७३ आणि ६३६ आहेत.

सूत्र चालते, पण ते का चालते हे त्यात कुठेच दिसत नाही. माझ्या मते बँडगॅप हा इलेक्ट्रॉनांचा एकट्याचा गुणधर्म नाहीच, तो इलेक्ट्रॉन आणि फोनॉन यांच्या संसाराचा गुणधर्म आहे, आणि अर्धवाहकाचे प्रकाशाशी असलेले जवळपास प्रत्येक नाते त्या संसारातूनच जाते. फोनॉन म्हणजे स्फटिकजालकातील अणूंच्या सामूहिक कंपनाचा एक ऊर्जापुंज, फोटॉन जसा प्रकाशाचा तसा. जाणकारांनी भर घालावी आणि चुकत असल्यास सुधारावे. यापुढे मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्टसाठी मि.इ.व्हो. असे लिहीत आहे.

नागपूरकर

मी विद्युत शाखेचा माणूस आहे, छतांवर सौर पॅनेल बसवण्याचा व्यवसाय करतो. आमच्याकडे मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांवर गेले, की पॅनेल ६५ ते ७० अंशांपर्यंत तापते आणि ऊन रणरणते असूनही वीज अपेक्षेपेक्षा कमी मिळते. दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के घट असे माहितीपत्रकात छापलेले असते, आणि तापले की बँडगॅप कमी होतो म्हणून वीज घटते, असे मी ग्राहकांना सांगत आलो आहे. हे उत्तर बरोबर आहे का? आणि तापल्यावर अणू एकमेकांपासून दूर जातात, एवढ्यानेच बँडगॅप कमी होत नाही का? मग फोनॉन कशाला हवेत?

शून्यबिंदू

नागपूरकर यांचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण प्रसरणाचा गैरसमज फार पसरलेला आहे.

सिलिकॉनवर दाब दिला तर त्याचा बँडगॅप कमी होतो, दर गिगापास्कलमागे सुमारे १४ मि.इ.व्हो. याचाच अर्थ सिलिकॉन प्रसरण पावले तर बँडगॅप वाढायला हवा. शंभर केल्विनच्या तापमानवाढीत प्रसरणामुळे तो जेमतेम एक मि.इ.व्हो.ने वाढेल असा हिशेब येतो. प्रत्यक्षात खोलीच्या तापमानाजवळ तेवढ्याच वाढीला तो सुमारे २५ मि.इ.व्हो.ने घटतो. म्हणजे सिलिकॉनच्या बाबतीत प्रसरण उलट्या बाजूने ओढत असतानाही फोनॉन त्याला पुरून उरतात.

हे होते कसे, ते दोन भागांत पाहावे लागते. अणू आपल्या जागेभोवती हलत असल्याने इलेक्ट्रॉनला जाणवणारे विद्युतक्षेत्र सरासरीने थोडे बोथट होते. हा पहिला भाग. दुसऱ्या भागात इलेक्ट्रॉन क्षणभर फोनॉन सोडतो किंवा शोषतो, त्या निमित्ताने दुसऱ्या एखाद्या अवस्थेला स्पर्श करून परत येतो, आणि क्वांटम यांत्रिकीच्या नियमाप्रमाणे अशा दोन अवस्था ऊर्जेच्या मापावर एकमेकींना ढकलतात. संयुजा पट्ट्याच्या माथ्यावरील अवस्थेला तिच्या खालच्या अवस्था वर ढकलतात आणि संवहन पट्ट्याच्या तळाला त्याच्या वरच्या अवस्था खाली ढकलतात. दोन्ही कडा एकमेकींकडे सरकतात आणि मधली दरी अरुंद होते. दुसऱ्या भागाचे गणित एच. वाय. फान यांनी १९५१ च्या सुमारास मांडले आणि दोन्ही भागांची नीट सांगड ॲलन व हाइन यांनी १९७६ मध्ये घातली. वार्ष्णींच्या सूत्रातील वक्र म्हणजे तापमानागणिक फोनॉनांची संख्या कशी वाढते याची स्थूल नक्कल आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते वेगळेच. केवल शून्य तापमानालाही अणू स्वस्थ बसत नाहीत, त्यांचे शून्यबिंदू कंपन चालूच असते. त्यामुळे बँडगॅप तिथेही आधीच कमी झालेला असतो, सिलिकॉनमध्ये सुमारे ६० मि.इ.व्हो.ने आणि हिऱ्यात तर सुमारे ३७० ने. हे पडताळायचे कसे? समस्थानिक बदलून. कार्बन-१२ ऐवजी कार्बन-१३ चा हिरा घेतला तर अणू जड होतात आणि शून्यबिंदू कंपन वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे सुमारे ३.९ टक्क्यांनी. ३७० चे ३.९ टक्के म्हणजे १४ च्या आसपास, आणि प्रयोगात दोन हिऱ्यांच्या बँडगॅपमधला फरक तेवढाच आढळतो. इलेक्ट्रॉनांची संख्या तीच आणि रसायनही तेच असताना केवळ एका न्यूट्रॉनाने प्रकाशशोषणाची कड हलते. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतील मानुएल कार्डोना यांनी समस्थानिकांच्या या वाटेने अनेक वर्षे काम केले. मी स्वतः संगणकीय गणिते करतो. आमच्या क्षेत्रात अणू स्थिर मानून काढलेला बँडगॅप थेट प्रयोगाशी ताडून पाहण्याची खोड बराच काळ होती. हिऱ्यासारख्या पदार्थात त्या तुलनेला काही अर्थ उरत नाही.

काचमणी, एक शंका आहे. तुमचेच स्थिरांक घेऊन ७७ केल्विनला मला १.५०८ इ.व्हो., म्हणजे ८२२ नॅनोमीटर मिळतात. तुमचे शिखर ८२६ वर कसे?

काचमणी

शून्यबिंदू, धन्यवाद. चार नॅनोमीटरांचे एवढे मनावर घेऊ नका, आमचा स्पेक्ट्रोमीटर जुना आहे आणि त्याची फटही रुंद ठेवली होती.

आता प्रकाशशोषणाकडे वळतो, कारण फोनॉनांचे काम सर्वांत ठळक तिथे दिसते. सिलिकॉनमध्ये संयुजा पट्ट्याचा माथा आणि संवहन पट्ट्याचा तळ एकाच संवेगावर नसतात. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचे तर इलेक्ट्रॉनला ऊर्जेबरोबर संवेगही लागतो, आणि फोटॉनकडे तो नगण्य असतो. एक इ.व्हो.च्या फोटॉनचा संवेग आणि सिलिकॉनच्या जालकातून येणारे संवेगाचे माप यांची तुलना केली, तर फोटॉन दोन हजार पटींहून दुबळा ठरतो. तेव्हा तो ऊर्जा देतो आणि संवेग फोनॉन देतो. दोघे एकत्र आल्याशिवाय सौदा होत नाही. नेमका हवा तेवढा संवेग असलेला फोनॉन आधीच हजर असला तर इलेक्ट्रॉन तो शोषून घेतो. नसला तर नवा फोनॉन जन्माला घालतो आणि त्याची किंमत फोटॉनच्या ऊर्जेतून चुकती करतो.

म्हणून सिलिकॉनच्या शोषणाच्या कडेला एक पायरी नसते, अनेक असतात. काही बँडगॅपच्या खाली (फोनॉन शोषून) आणि काही वर (फोनॉन सोडून). यात मुख्यत्वे दोन फोनॉन भाग घेतात, सुमारे १८ मि.इ.व्हो.चा एक आणि सुमारे ५८ चा दुसरा. खोलीच्या तापमानाला ५८ वाल्याची सरासरी संख्या दर कंपनप्रकारामागे ०.१२ असते. ७७ केल्विनला ती ०.०००२ हूनही कमी होते. साहजिकच थंड केल्यावर खालच्या पायऱ्या मावळतात आणि फक्त वरच्या उरतात. मॅकफार्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील मॉल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेत १९५७ मध्ये जर्मेनियमच्या आणि १९५८ मध्ये सिलिकॉनच्या कडेवरील या पायऱ्या इतक्या बारकाईने मोजल्या, की त्यांवरून फोनॉनांच्या ऊर्जाच वाचता आल्या.

येथे एक गोष्ट नमूद करण्याचा मोह आवरत नाही. त्याच १९५८ मध्ये कॅनडात ब्रॉकहाउस आणि पी. के. अय्यंगार यांनी न्यूट्रॉनांचा मारा करून जर्मेनियममधील फोनॉनांच्या ऊर्जा थेट मोजल्या. अय्यंगार म्हणजे पुढे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक झालेले तेच. ब्रॉकहाउस यांना या पद्धतीसाठी १९९४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. एका बाजूला प्रकाश आणि दुसऱ्या बाजूला न्यूट्रॉन, अशा दोन अगदी भिन्न वाटांनी एकाच जालकाची कंपने मोजली गेली.

या तिघांच्या सौद्याची दुसरी बाजू म्हणजे सिलिकॉन प्रकाश शोषते तेही संथपणे. १००० नॅनोमीटरचा प्रकाश सिलिकॉनमध्ये सुमारे दीडशे मायक्रॉन आत जातो. गॅलियम आर्सेनाइडमध्ये संवेगाची अडचण नसल्याने ८५० नॅनोमीटरचा प्रकाश एका मायक्रॉनच्या आसपास गिळला जातो. उत्सर्जनाचेही तसेच आहे. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन वर गेल्यावर संयुजा पट्ट्यात उरलेली रिकामी जागा) समोरासमोर असूनही फोनॉन मध्यस्थाची वाट पाहत बसतात आणि तोवर एखाद्या दोषस्थानी उष्णतेच्या रूपाने संपून जातात. म्हणूनच बाजारात सिलिकॉनचा एलईडी दिसत नाही.

शून्यबिंदू

नागपूरकर यांचा पहिला प्रश्न राहून गेला. बँडगॅप घटतो म्हणून वीज घटते हे अर्धेच उत्तर आहे, आणि तसेच सांगितले तर थोडे दिशाभूल करणारेही आहे. पॅनेल २५ वरून ६५ अंशांवर गेले तर बँडगॅप सुमारे १० मि.इ.व्हो.ने कमी होतो. त्यामुळे सूर्यप्रकाशाचा किंचित अधिक भाग शोषला जातो आणि विद्युतप्रवाह वाढतो, दर अंशामागे साधारण ०.०५ टक्के. तोटा होतो तो व्होल्टेजमध्ये, प्रत्येक सेलमागे दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्ट. त्याचे मुख्य कारण असे, की तापमान वाढले की उष्णतेमुळे आपोआप तयार होणारे इलेक्ट्रॉन आणि होल घातांकी वेगाने वाढतात आणि प्रकाशाने निर्माण केलेल्या जोड्यांचे पुनर्मीलन त्यांच्यामुळे अधिक होते. बँडगॅप अजिबात सरकला नसता तरी हा तोटा झालाच असता. सरकल्यामुळे तो थोडा वाढतो. दोन मिलिव्होल्टांतील बँडगॅपच्या सरकण्याचा प्रत्यक्ष वाटा पाव मिलिव्होल्टाच्या आसपास आहे.

नागपूरकर

म्हणजे इतकी वर्षे मी ग्राहकांना चुकीचे सांगत होतो. पण निदान पॅनेलच्या मागे हवा खेळती ठेवा, हा सल्ला तरी बरोबर निघाला.

ओवीप्रिया

मी रसायनशास्त्र शिकवते. झिंक ऑक्साइड तापवले की पांढऱ्याचे पिवळे होते आणि थंड झाल्यावर पुन्हा पांढरे, हे आमच्याकडे बारावीलाच येते. त्याचे पुस्तकी कारण असे, की तापल्यावर थोडा ऑक्सिजन निसटतो, अतिरिक्त झिंकचे आयन जालकाच्या फटींत बसतात, इलेक्ट्रॉन अडकून पडतात आणि त्यांच्यामुळे रंग येतो. तुमची चर्चा वाचून प्रश्न पडला, की यात फोनॉनांचाही हात आहे का? असेल तर मुलांना काय सांगावे?

काचमणी

ओवीप्रिया, प्रश्न सुंदर आहे. ऑक्सिजन निसटण्याचे कारण मी खोडून काढणार नाही. पण झिंक ऑक्साइडचा बँडगॅप खोलीच्या तापमानाला सुमारे ३.३ इ.व्हो. असतो, म्हणजे शोषणाची कड ३७५ नॅनोमीटरच्या आसपास, दृश्य प्रकाशाच्या उंबरठ्याशीच. जांभळा-निळा प्रकाश थोडासा गिळायला लागला की उरलेला प्रकाश पिवळसर दिसणार. त्यासाठी कड अवघी पाव इ.व्हो. सरकायला हवी, आणि काहीशे अंश तापवल्यावर ते अशक्य नाही.

शिवाय कड फक्त सरकत नाही, ती पसरतेही. फ्रान्झ उर्बाख यांनी १९५३ मध्ये छायाचित्रणात वापरल्या जाणाऱ्या सिल्व्हर हॅलाइडांविषयी दाखवून दिले, की शोषण कडेपाशी एकदम थांबत नाही, तर कमी ऊर्जेकडे घातांकी शेपूट सोडते आणि तापमान वाढेल तशी ती शेपूट लांबते. अणूंच्या थरथरीमुळे स्फटिकात जागोजागी क्षणोक्षणी बँडगॅप कमी-अधिक होत असतो, तो उतार कडेवर उमटतो असे समजावे. झिंक ऑक्साइडमध्ये ही शेपूट दृश्य प्रकाशात शिरायला फार वेळ लागत नाही.

दोषांची भानगड टाळून हा परिणाम पाहायचा तर कॅडमियम सल्फाइड अधिक स्वच्छ उदाहरण आहे. त्याचा बँडगॅप २.४२ इ.व्हो., कड ५१२ नॅनोमीटरवर, म्हणून रंग पिवळा. तापवले की कड लांब तरंगलांबीकडे सरकते आणि तो नारिंगी-लालसर होतो, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला तर फिकट पिवळा. थंड करताना ऑक्सिजन वा गंधक निसटण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून फिकट होण्याचे श्रेय निखळपणे कडेच्या सरकण्याला देता येते. मात्र कॅडमियमची संयुगे विषारी असतात. बंद नळीतील नमुन्याशिवाय हा खेळ करू नये आणि वर्गात तर नकोच. वर्गासाठी नारिंगी एलईडी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून दाखवावा. तो डोळ्यांदेखत पिवळ्या-हिरव्याकडे झुकतो आणि मुले खुर्चीवरून उठून पाहतात.

तळ्यातमळ्यात

एक मूलभूत आक्षेप नोंदवतो. फोनॉन ही गणिताच्या सोयीसाठी केलेली कल्पना आहे. खरे तर अणू हलतात, एवढेच. ज्याला कोणी पाहिले नाही त्याला दर वाक्यात कर्ता करून आपण भाषेची फसवणूक तर करत नाही ना?

रमणरेषा

तळ्यातमळ्यात, आक्षेप जुना आणि आदरणीय आहे, पण रामन वर्णपटापुढे तो टिकत नाही. सिलिकॉनच्या तुकड्यावर लेझर टाकला की परत येणाऱ्या प्रकाशात मूळ तरंगलांबीच्या शेजारी एक अरुंद रेष दिसते, प्रति सेंटिमीटर ५२० च्या अंतरावर, म्हणजे सुमारे ६४ मि.इ.व्हो. हिऱ्यात तीच रेष १३३२ वर येते. फोटॉनने एक अखंड ऊर्जापुंज जालकाला दिला आणि स्वतः तेवढा दुबळा होऊन परतला. अर्धा पुंज देऊन परतलेला फोटॉन कोणाला दिसलेला नाही.

धाग्याच्या विषयाशी याचा संबंध असा, की दृश्य प्रकाशाच्या फोटॉनची आणि अणूंच्या कंपनाची थेट ओळखच नसते. दोघांच्या वारंवारितेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. फोटॉन आधी इलेक्ट्रॉन-होलची क्षणिक जोडी उठवतो, ती जोडी फोनॉन सोडते आणि मग मिटून नवा फोटॉन देते. म्हणजे रामन विकिरण हा इलेक्ट्रॉन-फोनॉन संबंधाचाच आरसा. लेझरची ऊर्जा बँडगॅपशी जुळवली तर हा आरसा झळाळून उठतो. १९६९ मध्ये कॅडमियम सल्फाइडवर असे प्रयोग झाले, तेव्हा एका फोनॉनची, दोघांची, तिघांची अशा करत नऊ फोनॉनांपर्यंतच्या रेषा ओळीने मोजता आल्या.

थोडे अवांतर: १९४० च्या दशकात स्वतः सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि माक्स बॉर्न यांच्यात जालकाच्या कंपनांवरून मोठा वाद झाला. स्फटिकात मोजक्याच सुट्या वारंवारिता असतात हे रामन यांचे म्हणणे आणि वारंवारितांचा सलग पट्टा असतो हे बॉर्न यांचे. वर काचमणींनी उल्लेखलेल्या न्यूट्रॉन प्रयोगांनी कौल बॉर्न यांच्या बाजूने दिला. ज्यांच्या नावाचे विकिरण फोनॉन मोजण्याचे आजचे सर्वांत सुलभ साधन आहे, तेच या मुद्द्यावर चुकले होते.

शून्यबिंदू

रमणरेषा यांच्या नऊ फोनॉनांवरून सुचले. कॅडमियम सल्फाइड, झिंक ऑक्साइड, गॅलियम नायट्राइड हे ध्रुवीय स्फटिक आहेत. त्यांत धन आणि ऋण आयन विरुद्ध दिशांना हलले की विद्युतक्षेत्र तयार होते आणि इलेक्ट्रॉन ते दुरूनही ओळखतो. हर्बर्ट फ्रोलिश यांच्या नावाने ओळखला जाणारा हा संबंध सिलिकॉनमध्ये नसतो. झिंक ऑक्साइडच्या अतिशीत नमुन्याच्या दीप्तीत मुख्य रेषेनंतर दर ७२ मि.इ.व्हो.वर एकेक प्रतिरेषा उमटते. प्रत्येक पायरीवर इलेक्ट्रॉन-होलच्या जोडीने जाता जाता एक फोनॉन मागे ठेवलेला असतो.

हाच संबंध टोकाला गेला की काय होते, ते हिऱ्यातील एका दोषात पाहावे. कार्बनच्या एका अणूच्या जागी नायट्रोजन आणि त्याच्या शेजारी एक रिकामी जागा, असा तो दोष. त्याची शुद्ध रेषा ६३७ नॅनोमीटरवर येते, पण खोलीच्या तापमानालाच काय, अतिशीत अवस्थेतही एकूण प्रकाशाचा जेमतेम तीन-चार टक्के भाग तिच्यात असतो. बाकी सगळा प्रकाश फोनॉन सोडत सोडत तांबड्याकडे, ८०० नॅनोमीटरपर्यंत पसरतो. कुन हुआंग आणि एव्हरिल ऱ्हीस यांनी १९५० मध्ये याचे गणित केले. एका उत्सर्जनामागे सरासरी किती फोनॉन सुटतात तो आकडा या दोषासाठी सुमारे साडेतीन आहे, आणि एकही फोनॉन न सुटण्याची शक्यता पॉयसाँच्या नियमाने मोजली तर तीन टक्केच येते. क्वांटम संगणनासाठी या दोषाचा उपयोग करू पाहणाऱ्यांची अर्धी डोकेदुखी या तीन टक्क्यांत आहे.

ओवीप्रिया

सर्वच अर्धवाहकांचा बँडगॅप तापमान वाढल्यावर कमी होतो, असे मुलांना सांगितले तर चालेल का?

शून्यबिंदू

चालणार नाही. शिशाची संयुगे उलटी वागतात. लेड सल्फाइडचा बँडगॅप ४ केल्विनला सुमारे ०.२९ इ.व्हो. असतो आणि खोलीच्या तापमानाला ०.४१ होतो. सौर घटांसाठी गाजत असलेल्या शिसेयुक्त हॅलाइड पेरोव्हस्काइटांचेही तसेच. त्यांच्या संयुजा पट्ट्याचा माथा शिशाच्या आणि शेजारच्या अणूच्या कक्षिकांमधील प्रतिबंधी (बंध कमकुवत करणाऱ्या) अवस्थेचा असतो. स्फटिक प्रसरण पावला की ती अवस्था खाली उतरते आणि दरी रुंदावते. म्हणजे नागपूरकर ज्या प्रसरणाविषयी विचारत होते त्याचा वाटा इथे मोठा आहे, फक्त त्यांच्या अपेक्षेच्या उलट दिशेने. सिलिकॉनमध्ये केलेला हिशेब जसाच्या तसा इथे आणता येत नाही.

काचमणी

शून्यबिंदू यांनी विचारलेल्या चार नॅनोमीटरांचे उत्तर द्यायला परत आलो आहे, आणि जरा वरमून. स्पेक्ट्रोमीटरवर ढकलून मी मोकळा झालो होतो, पण विद्यार्थिनीने हा धागा वाचला आणि उलट गणित केले. ८२६ नॅनोमीटर म्हणजे १.५०१ इ.व्हो. बँडगॅप एवढा असेल तर वार्ष्णींच्या सूत्रानुसार तापमान किती, असे तिने काढले आणि उत्तर सुमारे १०० केल्विन आले. क्रायोस्टॅटचा तापमापक तर ७८ दाखवत होता.

मी आधी मानले नाही. दीप्तीचे शिखर म्हणजे हुबेहूब बँडगॅप नव्हे. इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक ऊर्जेमुळे ते थोडे वर सरकते आणि एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन आणि होल यांची एकमेकांना बांधलेली जोडी) बनला तर त्याच्या बंधनऊर्जेएवढे, म्हणजे गॅलियम आर्सेनाइडमध्ये ४ मि.इ.व्हो.एवढे, खाली येते. पण या दोन्ही दुरुस्त्या दोन-दोन नॅनोमीटरांच्याच आणि परस्परविरुद्ध दिशांच्या आहेत, त्यांनी चारांची भरपाई होत नव्हती. तिने दुसरा पुरावा पुढे केला तो शिखराच्या रुंदीचा. गॅलियम आर्सेनाइडमधील ३६ मि.इ.व्हो.च्या फोनॉनांची सरासरी संख्या खोलीच्या तापमानाला ०.३३ असते, १०० केल्विनला ०.०१५ आणि ७७ ला ०.००४. तेव्हा १०० ते ७७ च्या दरम्यान या फोनॉनांमुळे शिखर फारसे अरुंद होणार नाही, रुंदीवरून निवाडा करायचा तर इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक पसाऱ्याकडेच पाहावे लागेल. शिखराची वरच्या ऊर्जेकडील उतरण त्या पसाऱ्याने ठरते. तिने ती उतरण मोजली, तर तापमान पुन्हा शंभराच्या जवळपास आले.

मग क्रायोस्टॅट उघडला. तापमापक तांब्याच्या कोल्ड फिंगरमध्ये (नमुना थंड करणाऱ्या दांड्यात) खोल बसवलेला होता आणि वेफर मात्र त्यावर ग्रीसच्या दोन ठिपक्यांनी जेमतेम टेकलेला. ग्रीस मीच लावले होते, घाईत. लेझरची उष्णता वेफरमधून तांब्यात उतरायला वाटच नव्हती, त्यामुळे तांबे ७८ वर आणि वेफर बिचारा शंभरावर. वेफर काढून पुसला, ग्रीसचा पातळ सलग थर दिला, लेझरची शक्ती एक दशांश केली आणि पुन्हा मोजले. काल संध्याकाळी शिखर ८२२ आणि ८२३ च्या मध्ये आले.

तिने वहीत दोन्ही नोंदी ठेवल्या आहेत. पहिल्या नोंदीतील "तापमान: ७८ केल्विन" वर काट मारून तिने शेजारी लिहिले आहे, "तांब्याचे."